भिंतीवरचे कॅलेंडर बदलण्याआधी

डिसेंबर सरत आला की आमच्याकडे वाण्याच्या दुकानातून नवे कॅलेंडर येते. जुने खिळ्यावरून उतरवताना मी ते एकदा पहिल्या पानापासून चाळते. वर्षभराचा संसार त्याच्यावर पेन्सिलीने लिहिलेला असतो. गाय कधी भरवली, खताची पोती किती आली, सोसायटीचा हप्ता कधी, कोणाच्या लग्नात किती आहेर केला. पंचवीस वर्षे हेच पाहत आले. यंदा मात्र दोन तारखांभोवती लाल गोल सापडले. त्या दोन दिवशी आम्ही घरची माणसे घर सोडून हिंडायला गेलो होतो. लग्न नाही, मयत नाही, दवाखाना नाही. नुसते हिंडायला.

ज्वारी आता हुरड्यात येईल, हरभऱ्याला घाटे धरू लागतील. ऊस असलेल्यांना तोडीची वाट पाहायची आहे, पण बाकीच्यांना थोडी उसंत आहे. तेव्हा यंदा आम्ही काय वाचले, कुठे गेलो, काय खाल्ले ते सांगते. पटले तर करून पाहा.

वाचनाचे खूळ आमच्या घरी शिरले ते आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या डोळ्यांमुळे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. टीव्ही दिसेना, निवडायला घेतलेल्या तांदळात खडे राहू लागले. दिवसभर ओसरीवर बसून त्या नुसता आवाजाचा कानोसा घेत. एका संध्याकाळी मला म्हणाल्या, "तू चौथी-पाचवीचं कायतरी वाचून दावायचीस पोरांना, तसलं मला वाच की." मग मी गावच्या वाचनालयात गेले. कपाटाला कुलूप, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते गावाला गेलेले. तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला किल्ली मिळाली, आणि आत किती चांगली पुस्तके धूळ खात होती म्हणून सांगू! तुमच्याही गावात असे कपाट असेल. किल्ली कोणाकडे आहे तेवढे आधी विचारा.

पहिले पुस्तक निघाले व्यंकटेश माडगूळकरांचे 'बनगरवाडी'. १९५५ सालचे. औंध संस्थानातला एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला जातो, एवढीच गोष्ट. वाडीला तालीम बांधायची ठरते, राजेसाहेब येतात, आणि पुढे दुष्काळ पडतो. आत्याबाई मधेच थांबवून म्हणायच्या, "आगं, ह्यो कारभारी म्हंजे आपला थोरला मामाच की!" बारीक पुस्तक आहे, आठ-दहा संध्याकाळींत होते. वाचून दाखवायला याच्यापासूनच सुरुवात करा असे मी म्हणेन.

बहिणाबाई चौधरींची गाणी आत्याबाईंना आधी थोडी जड गेली, कारण ती बोली खानदेशाकडची. पण जाते, विहीर, पेरणी, घरोट हे सगळे आपलेच. या बाईला लिहिता-वाचता येत नव्हते. कामाच्या ओघात सुचलेली गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि एका नातलगाने टिपून ठेवली होती. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या आणि पुस्तक निघाले १९५२ मध्ये. आपले पुस्तक त्यांनी पाहिले नाही, हे ऐकून आत्याबाई बराच वेळ गप्प होत्या.

सूनबाईने आणले वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर'. १९८१ पासून हे घरोघर वाचले जाते आहे. गुलामाच्या पोटी जन्मलेला हा माणूस अमेरिकेतला शेतीशास्त्रज्ञ झाला. कापसावर कापूस घेऊन तिथली जमीन निकस झाली होती. त्याने शेतकऱ्यांना सांगितले, मधे भुईमूग घ्या, चवळी घ्या, रताळी लावा. शेंगवर्गाची मुळे हवेतला नत्र जमिनीत धरतात, हे आपल्याला आता ठाऊक आहे, पण ठाऊक असूनही आपण सोयाबीनचा काड पेटवून देतोच ना? घरात तरणा मुलगा असेल तर त्याच्या उशाशी हे पुस्तक ठेवून द्यावे. वाच म्हणून मागे लागू नये.

आता खरे सांगायचे ते चौथ्या पुस्तकाचे. आनंद यादवांचे 'गोतावळा', १९७१ सालचे. नारबा नावाचा गडी मळ्यावर राहतो. जनावरे हाच त्याचा गोतावळा. मग मालक ट्रॅक्टर आणतो आणि एकेक जनावर दावणीवरून जाते. मी हे न जाणता वाचायला घेतले. आमच्या घरात गेल्या बेंदरानंतर बैलजोडी विकली होती. मुलाने हिशेब मांडून दाखवला होता, आणि हिशेबात तो खराही होता. वैरण विकत, गडी मिळत नाही, वर्षातले काम चाळीस दिवसांचे. मालकांनी मान हलवली, दोरी व्यापाऱ्याच्या हातात दिली, आणि त्यानंतर बैलांचा विषय घरात कोणी काढला नाही.

तिसऱ्या संध्याकाळी वाचता वाचता वर पाहिले तर मालक उठून गेलेले. बाहेर रिकाम्या गोठ्यात उभे होते. मला वाटले आता हे पुस्तक परत करावे. दुसऱ्या दिवशी मी दुसरेच काही हातात घेतले, तर म्हणाले, "ते राहू दे. कालचं फुडं वाच." संपवले. शेवटच्या दिवशी मुलगाही उंबऱ्यात येऊन बसला होता. बाप-लेक त्या रात्री कितीतरी वेळ बोलत बसले. काय बोलले ते मी विचारले नाही, पण दोघांमधला वर्षभराचा ताण दुसऱ्या दिवशी सैल झालेला दिसला.

लहान मुलांसाठी एकच सांगते. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आहे. ते लावा.

मधल्या काळात आत्याबाईंच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. पट्टी सुटली त्या दिवशी त्यांनी आधी माझे तोंड निरखले आणि म्हणाल्या, "तू लई वाळलीस गं." मग घरी येताना गाडीत म्हणाल्या, "आता दिसतंय तर काय बघू? पंढरपूर बघितलं, माहेर बघितलं. ती बनगरवाडीतल्या राजाची औंध हाय कुठं?"

औंध आमच्यापासून रहिमतपूरवरून जेमतेम दीड तासाच्या अंतरावर, आणि या वयापर्यंत आम्ही ते पाहिले नव्हते! डोंगरावर यमाईचे मूळपीठ आहे. त्याच डोंगरावर, देवळाच्या खालच्या अंगाला, राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेले श्री भवानी संग्रहालय आहे. सूर्यनमस्काराचा प्रसार ज्यांनी केला, ज्यांनी स्वातंत्र्याच्या आधीच १९३९ मध्ये आपल्या राज्याचा कारभार रयतेच्या हाती दिला, तेच हे राजे. स्वतः चित्रे काढीत. राजा रविवर्म्याची मूळ चित्रे, धुरंधरांची चित्रे, चंदनातले आणि हस्तिदंतातले कोरीवकाम, सगळे या खटाव तालुक्यातल्या डोंगरावर.

तिथे हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराने घडवलेली दगडाची आई आणि मूल आहे. हा माणूस जगात फार मोठा मानतात. मला स्वतःला ती मूर्ती पहिल्यांदा ओबडधोबड वाटली. रविवर्म्याच्या बायकांचे पदर पाहून आलेल्या डोळ्यांना तशी वाटणारच. आत्याबाई मात्र तिथून हलेनात. नव्या डोळ्यांनी वर-खाली पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "दमलीया बिचारी. पर लेकरू सोडलं न्हाई." रखवालदारसुद्धा हसला. संग्रहालय आठवड्यातून एक दिवस बंद असते, तेवढा वार विचारून निघा. चढ आहे, म्हाताऱ्या माणसाला घेऊन उन्हाच्या आधी पोचावे.

दुसरा लाल गोल वाईचा. वाईला लोक महाबळेश्वरला जाताना चहापुरते थांबतात, ही चूक करू नका. कृष्णेचे घाट हेच पाहण्यासारखे आहे. ढोल्या गणपतीचे देऊळ रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधले. दर्शन घेऊन देवळाच्या मागे जा. मागची भिंत माशाच्या आकाराची केली आहे, पुराचे पाणी तिच्यावर आदळताच दोहो बाजूंना फाटून जावे म्हणून. आमच्या मुलाला देवापेक्षा ही भिंतच जास्त आवडली आणि विहिरीच्या काठाला, ओढ्याच्या बांधाला असे काही करता येईल का म्हणून तो तिथेच बसून आकृत्या काढू लागला.

तिथून तीन किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, घाट, आणि घाटावर टांगलेली मोठी घंटा. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर तिकडून आणलेली. सिनेमाच्या शौकिनांना 'स्वदेस'मधला घाट ओळखू येईल. घाटाच्या पायरीवर बसून आम्ही भाकरी सोडली. त्या वाई गावातच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचे काम उभे केले. पहिला खंड १९७६ चा. आता तो सगळा मोबाइलवर फुकट वाचता येतो. पिकावरच्या रोगापासून ग्रहताऱ्यांपर्यंत काही अडले की सूनबाई त्यातच पाहते.

भिलारचेही नाव सांगायला हवे. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या मधले हे स्ट्रॉबेरीचे गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचे गाव झाले. लोकांच्या घरांत, देवळात पुस्तके मांडलेली, कोणीही जावे आणि बसून फुकट वाचावे. मात्र नाताळ ते एक तारीख तिकडे फिरकू नका. रस्ता गाड्यांनी तुंबतो आणि साध्या खोलीचेही भाव ऐकून घाम फुटतो. जानेवारीच्या मधल्या वारी जावे. स्ट्रॉबेरीही तेव्हा भरात असते.

खर्चाचे म्हणाल तर एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. आत्याबाई फुकट, मी आणि सूनबाई अर्ध्यात. पूर्ण तिकीट फक्त बाप-लेकांचे! आणि "धारा कोण काढणार?" हा जो प्रश्न दर घरात उठतो, त्यावर आम्ही वारंगुळा केला. आमच्या दोन्ही दिवशी शेजारच्या जाऊबाईंनी आमच्या गाई पिळल्या, त्या तुळजापूरला गेल्या तेव्हा त्यांच्या मी पिळल्या. भांगलणीला वारंगुळा चालतो, मग हिंडायला का नाही?

खाण्याचे म्हणाल तर आधी हुरडा. गूळभेंडी ज्वारी थोडी का होईना बांधाकडेला लावलेली असावी. कणीस दुधातून बाहेर पडून चिकात आले की काढावे, आणि काढले की लगेच आगटीवर धरावे. दाण्यातली साखर भराभर पिठात बदलते, म्हणून सकाळी काढून संध्याकाळी भाजलेला हुरडा गोड लागत नाही. शहरातले पाहुणे "आम्हाला पाठवून द्या" म्हणतात त्यांना हेच सांगावे, या आणि शेतात बसून खा. सोबत लसणाची चटणी, कारळाची चटणी, गूळ आणि घट्ट दही.

आमच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला, त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यावे आणि नव्या पाण्यात चांगला खळखळून शिजवावा. अर्धवट शिजला तर पोटात कळ येते. कांदा-खोबऱ्याचे वाटण लावलेली त्याची आमटी आणि बाजरीची भाकरी म्हणजे थंडीतले जेवण. साताऱ्याहून येताना पावशेर कंदी पेढा आणावा. खवा चांगला तांबूस भाजलेला असला तरच घ्यावा, पांढुरका दिसला तर पुढच्या दुकानात जावे. भोगीची तीळ लावलेली भाकरी आणि लेकुरवाळी भाजी मी काय सांगावी, ती तुमच्या हातची माझ्यापेक्षा चांगलीच होत असेल.

परवा नवे कॅलेंडर खिळ्याला अडकवले. मी पोळ्या लाटत होते तेवढ्यात मालकांनी माझी लाल पेन्सिल मागितली. आमच्या घरात ते कॅलेंडरावर कधी काही लिहीत नाहीत. पाहिले तर पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेच्या दिवसांभोवती वेडावाकडा गोल ओढलेला. तिथे खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो.

"घ्यायचे न्हाईत," मी काही विचारायच्या आतच ते म्हणाले. "नुसते बघून यायचे. पोरगा पण येतो म्हणालाय."