चुनाभट्टीतून वाचलेले देव

संगमरवर भट्टीत घालून सुमारे नऊशे अंशांपर्यंत तापवला की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे उरतो कळीचा चुना. पाण्यात विरवला की तो दगड सांधायला, भिंती लिंपायला तयार. भट्टीवाल्याच्या लेखी खाणीतला धोंडा आणि देवाच्या मूर्तीचा दंड यांत काही फरक नसतो. उलट मूर्ती बरी, कारण ती खणून काढावी लागत नाही, जवळच पडलेली असते. १८६४-६५च्या हिवाळ्यात एक पंचविशीतला जर्मन इंजिनिअर ऑटोमन साम्राज्यातल्या बेर्गामा गावामागचा डोंगर चढून गेला, तेव्हा वर नेमकं हेच चाललं होतं. हा डोंगर म्हणजे प्राचीन पेर्गामॉनचा बालेकिल्ला, अ‍ॅटॅलिड राजांची राजधानी. दोन हजार वर्षं टिकलेला संगमरवर तिथे घणाखाली फुटून भट्टीत जात होता.

या इंजिनिअरचं नाव कार्ल हुमान. १८३९ साली जर्मनीतल्या श्टेले या गावी (आता ते एसेन शहरात सामावलं आहे) त्याचा जन्म झाला. आधी रेल्वेच्या मोजणीचं काम, मग बर्लिनच्या बांधकाम अकादमीत शिक्षण, असं सरळ चाललेलं असताना क्षयाने गाठलं. त्या काळी क्षयावर औषध नव्हतं. दक्षिणेकडच्या कोरड्या, उबदार हवेत जा, एवढंच डॉक्टर सांगत. थोरला भाऊ फ्रान्झ एजियन समुद्रातल्या सामोस बेटावर इंजिनिअर होता. १८६१मध्ये कार्ल त्याच्याकडे गेला आणि पुढची पस्तीस वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, त्याच मुलखात राहिला. सामोसवर हेरा देवीच्या देवळाचे अवशेष मोकळे करण्याच्या कामात त्याने हात घातला, तीच त्याची पुरातत्त्वातली पहिली शाळा. कोणत्याही विद्यापीठात हा विषय तो शिकला नाही. त्याला येत होतं ते नकाशा काढणं, उतार मोजणं, दगड हलवणं आणि माणसांकडून काम करून घेणं.

ऑटोमन सरकारसाठी पॅलेस्टाइनमध्ये मोजणी करून आल्यावर १८६७पासून पश्चिम अनातोलियातल्या रस्त्यांचं काम त्याच्याकडे आलं. रस्ते बांधणारा माणूस ज्या बारकाईने प्रदेश बघतो तितका कुणी प्रवासी बघत नाही. कुठे पाणी साचतं, कुठे भराव घालावा लागेल, खडी कुठून मिळेल, याचा विचार करताना जमिनीचा प्रत्येक उंचवटा त्याच्या हिशेबात येतो. हुमानला बेर्गामाच्या डोंगरावर एक जुनी, काही मीटर जाड भिंत दिसली. शत्रूच्या भीतीने उत्तरकाळात घाईने उभारलेली तटबंदी. तिच्या पोटात वाटेल तसे कोंबलेले कोरीव संगमरवरी चिरे होते. भिंतीच्या बाहेर पडलेले दगड भट्टीत गेले. पोटातले मात्र दगडासारख्या घट्ट झालेल्या चुन्याच्या दर्जांनी धरून ठेवले होते. हे थांबवा म्हणून हुमानने थेट वजीर फुआद पाशापर्यंत खटपट केली.

इथे आपल्याकडचं एक उदाहरण आठवल्याशिवाय राहत नाही. त्याआधी थोडीच वर्षं, १८५०च्या दशकात, लाहोर-मुलतान रेल्वेच्या रुळांखाली घालायला इंजिनिअरांनी हडप्पाच्या टेकाडातल्या विटा काढून नेल्या. सुमारे शंभर मैलांचा मार्ग त्या विटांवर उभा राहिला. शिक्षण तेच, कामाची निकड तीच, हाताखाली मजूर तेवढेच. म्हणून हुमान भट्टीपुढे थबकला, ही गोष्ट मला साधी वाटत नाही.

थबकला खरा, पण त्याचं ऐकायला बर्लिनमध्ये कुणाला सवड नव्हती. १८७१मध्ये ऑलिंपियाच्या उत्खननासाठी धडपडणारे प्राध्यापक एर्न्स्ट कुर्टिउस त्या भागात आले. हुमानने त्यांना डोंगर दाखवला आणि भिंतीतून काढलेले शिल्पाचे तुकडे बर्लिनला पाठवले. ते वस्तुसंग्रहालयात पडून राहिले. १८७७मध्ये शिल्पविभागाची सूत्रं आलेक्झांडर कोन्झे यांच्याकडे आली आणि त्यांना एक धागा सापडला. लुसिउस अँपेलिउस नावाच्या रोमन लेखकाच्या छोट्या पुस्तकात, जगातल्या आश्चर्यांच्या यादीत, पेर्गामॉनच्या चाळीस फूट उंच संगमरवरी वेदीचा उल्लेख आहे; तिच्यावर देव आणि राक्षसांचं युद्ध कोरलेलं होतं. हुमानने पाठवलेले तुकडे याच युद्धाचे, हे कोन्झेंनी ओळखलं. फावल्या वेळात दगड गोळा करणाऱ्या इंजिनिअरला आता सरकारी परवाना आणि पैसा मिळाला.

९ सप्टेंबर १८७८ रोजी खोदकाम सुरू झालं. कुठे खणायचं याचा त्याचा अंदाज इतका अचूक होता की पहिल्या काही दिवसांतच मोठमोठे शिल्पपट आणि खुद्द वेदीचा पाया हाती लागला. बाहेरून सुमारे ११३ मीटर लांब आणि २.३० मीटर उंच असा हा शिल्पपट्टा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, दुसऱ्या युमेनीझ राजाच्या काळात उभा राहिलेला. आपल्याला देवासुरसंग्राम म्हटल्यावर जो कल्लोळ डोळ्यांपुढे येतो, तोच इथे दगडात आहे: सापाच्या शेपटीसारखे पाय असलेले राक्षस, ताणलेले स्नायू, केस धरून ओढणारे हात, चावे घेणारे कुत्रे.

२१ जुलै १८७९चा दिवस हुमानने स्वतः लिहून ठेवला आहे. गडावर त्या दिवशी पाहुणे आले होते. चार मोठे चिरे भिंतीकडे तोंड करून टेकलेले होते, कोरीव बाजू दिसत नव्हती. पाहुण्यांसमोर ते एकेक करून फिरवायला लावले. पहिल्यावर पाठमोरा, सर्पपाद राक्षस, डाव्या हातावर सिंहाचं कातडं. याचा जोडीदार कोण, हे कळेना. दुसऱ्यावर भरदार छातीचा एक देव. तिसऱ्यावर गुडघ्यावर आलेला राक्षस, डाव्या हाताने उजवा जखमी खांदा दाबून धरलेला. चौथा फिरवला तर खडकावर उलथा पडणारा राक्षस, आणि त्याच्या मांडीत घुसलेली वीज. वीज दिसताच कोडं उलगडलं. वीज फेकणारा देव एकच, झ्यूस. हुमान एका दगडाकडून दुसऱ्याकडे धावत कडा जुळवू लागला. जोड बसत गेले आणि वेदीवरचा सर्वांत महत्त्वाचा देखावा पूर्ण झाला. शिकलेला पुरातत्त्वज्ञही यापेक्षा वेगळं काय करणार होता?

पण तिथून पुढे जे करायचं होतं ते पुरातत्त्वज्ञाला आलं नसतं. काही चिऱ्यांचं वजन दोन-दोन टन. समुद्रसपाटीपासून सुमारे ३३० मीटर उंच डोंगरावरून ते न फुटता खाली आणायचे, मग दिकिली बंदरापर्यंत न्यायचे. हुमानने उतारावर वाट आखली, लाकडी घसरगाड्या बनवून घेतल्या, खाली बैलगाड्या लावल्या. हजारो तुकड्यांचा माल बर्लिनला पोचला आणि तिथे इटालियन कारागिरांनी वर्षानुवर्षं बसून ते जुळवले.

हे दगड नेले ते बरोबर केलं का? १८७४च्या ऑटोमन कायद्यानुसार सापडलेल्या वस्तूंचे तीन वाटे होत: एक शोधणाऱ्याचा, एक सरकारचा, एक जमीनमालकाचा. जमिनीचा वाटा जर्मनांनी पदरात पाडून घेतला आणि सरकारचा वाटाही पैसे मोजून मिळवला. रशियाशी लढून सुलतानाची तिजोरी रिकामी झाली होती, बर्लिनची मर्जी राखणं भाग होतं. म्हणजे कागद पक्के होते; पण ते करताना दोन्ही पक्ष सारख्या बळाचे नव्हते. बेर्गामाच्या लोकांचं मत तर कुणी विचारलंच नाही. दगड भट्टीतून वाचले हे हुमानचं श्रेय, आणि वाचवण्यासाठी ते परदेशी नेण्याची गरज नव्हती, हेही मला तितकंच खरं वाटतं. १८८४मध्ये चित्रकार आणि संग्रहालयप्रमुख उस्मान हमदी बे यांच्या पुढाकाराने नवा कायदा आला, त्याने पुरावस्तू बाहेर नेण्यावर बंदी घातली. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत फौजांनी हीच शिल्पं लेनिनग्राडला नेली आणि १९५८-५९मध्ये पूर्व जर्मनीला परत केली, तेव्हा जर्मनांनाही दगड गेल्याचं दुःख कळलं. बेर्गामातून वेदी परत मागण्याचा आवाज १९९०च्या दशकात मोठा झाला. तो अजून थांबलेला नाही.

१८८४मध्ये हुमान बर्लिनच्या राजसंग्रहालयांचा विभागसंचालक झाला, पण मुक्काम इझ्मीरलाच. नेमरुत डोंगर त्याआधीच, मग झिंजिर्ली, हिएरापोलिस, माग्नेसिया, प्रिएने अशी कामं पाठोपाठ. १२ एप्रिल १८९६ रोजी इझ्मीरला तो वारला. १९६७मध्ये त्याचे अवशेष बेर्गामाच्या गडावर, वेदीच्या पायाजवळ आणून पुरले.

मला विचाराल तर त्याचं सर्वांत निर्मळ काम वेगळंच आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. अंकारात ऑगस्टस सम्राटाच्या देवळाच्या भिंतींवर त्याच्या कारकिर्दीचा वृत्तान्त लॅटिन आणि ग्रीक भाषांत कोरलेला आहे. रोमन इतिहासाचा असा दुसरा लेख नाही. ग्रीक मजकुराचा बराच भाग भिंतीला चिकटून बांधलेल्या घरांमागे दडला होता. इतिहासकार थिओडोर मोम्सेन यांना पूर्ण पाठ हवा होता. १८८२मध्ये हुमान तिथे गेला, घरमालकांशी बोलणी करून भिंत मोकळी केली आणि अक्षराअक्षराचे प्लास्टरचे साचे घेतले. साचे बर्लिनला गेले, भिंत अंकारातच राहिली. मोम्सेन यांची सुधारित आवृत्ती १८८३मध्ये त्यांवरून निघाली. त्यानंतर ऊन, पाऊस आणि शहराच्या धुराने त्या भिंतीवरची अक्षरं झिजत गेली आहेत, आणि आज पाठ ताडून पाहायचा तर अभ्यासकांना हुमानच्या साच्यांकडे जावं लागतं.