देवनागरीची अक्षरजुळणी : नवा करार आणि जुने टंक

संगणकाच्या पडद्यावर ‘प्राकृत’ हा शब्द उमटतो, तेव्हा दोन घटक परस्परांच्या सहकार्याने काम करीत असतात. मजकुरातील वर्णांचा क्रम लावून देणारी अक्षरजुळणीची आज्ञावली हा एक, आणि अक्षराकृती पुरविणारा टंक, म्हणजेच फॉन्ट, हा दुसरा. या दोहोंमधील व्यवहाराचा करार ‘ओपनटाइप’ या संकेतप्रणालीने घालून दिलेला आहे. तो करार बदलावयाचा, परंतु त्यावर विसंबून घडविलेले टंक निरुपयोगी होऊ द्यावयाचे नाहीत, हा पेच कसा सोडविला गेला, ते पाहणे उद्बोधक ठरेल.

‘प्र’ हे जोडाक्षर युनिकोडमध्ये प, हलन्त, र अशा उच्चारानुसारी क्रमाने साठविले जाते. मूळ करारानुसार आज्ञावली हलन्त उचलून शेवटी नेई; टंकापुढे प, र, हलन्त असा क्रम येई आणि ‘र’ व हलन्त या जोडीच्या जागी टंक तिरकी रेघ बसवी. सुधारित करारात हलन्त स्वस्थानीच ठेवण्यात आला. हा बदल सरसकट लागू केला असता, तर जुन्या टंकांना अपेक्षित जोडी मिळाली नसती आणि ‘प्’ व ‘र’ सुटे दिसले असते.

म्हणून जुन्या नियमांचा अर्थ न बदलता नव्या नियमांना नवे नाव देण्यात आले. टंकातील ‘देव’ ही जुनी खूण कायम राहिली. तिच्या जोडीस ‘देव२’ ही खूण आली. ‘हार्फबझ’सारखी आज्ञावली प्रथम नवी खूण शोधते, ती नसल्यास जुन्या रीतीने चालते. एकाच टंकात दोन्ही खुणांचे नियम ठेवता येतात. त्यामुळे असा टंक जुन्या आज्ञावलीतही चालू शकतो. साठविलेल्या मजकुरास हात लावावा लागला नाही. दोन्ही वाटा सांभाळण्याचा भार मात्र आज्ञावलीवर पडला.

हीच सोय मजकुरातच केली गेली, तर तो भार अभ्यासकावर येतो. ‘दऱ्या’तील अर्धा र युनिकोडच्या २.० या आवृत्तीच्या (१९९६) रीतीने र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असा लिहिला जाई. नंतर ऱ आणि हलन्त ही रीत प्रमाण ठरली. जुनीही ग्राह्य राहिली. दोन्ही रूपे दिसण्यात एकच असली, तरी संगणकाच्या लेखी हे वर्णक्रम भिन्न होत. एका रीतीने शोधलेला शब्द दुसऱ्या रीतीने टंकित संहितेत सापडेलच असे नाही. शब्दसूची सिद्ध करण्यापूर्वी ही रूपे एकरूप करून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.