चूक टांकसाळीचीच हवी

नाण्यावरचा ठसा सरकलेला दिसला की ‘दुर्मीळ चूक’ म्हणून भाव वाढवला जातो. पण नाणे कसे पाडले होते हे कळल्याशिवाय चूक ठरत नाही. तांब्याची शिवराई हातोड्याने पाडली जाई, साचा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे ‘श्री राजा शिव’मधले एखादे अक्षर कडेबाहेर जाणे नित्याचेच, उलट सगळी अक्षरे उमटलेली शिवराईच शोधावी लागते. ब्रिटिश अमलातला चांदीचा रुपया यंत्रावर पाडलेला, म्हणून त्याचा निम्मा ठसा बाहेर गेला तर ती खरी चूक.

पाडलेले नाणे साच्यालाच चिकटून राहिले आणि त्यावर पुढची चकती दाबली गेली, तर तिच्या एका बाजूला नेहमीचे चित्र आणि दुसरीला तेच उलटे, खोलगट उमटते. संग्राहक याला ब्रॉकेज म्हणतात. हे तर शिकंज्यात (व्हाइसमध्ये) दोन नाणी दाबूनही जमेल, असा आक्षेप येतो. जमते, पण मग मागचे चित्र चेपते आणि खोलगट चित्राखाली मूळ ठशाच्या खुणा उरतात. शिवाय प्रत्येक दुर्मीळ नाणे ही टांकसाळीची चूक नसते. १९११च्या पाचव्या जॉर्जच्या रुपयावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा वाटला, म्हणून ती नाणी मागे घेतली गेली. नाणे दुर्मीळ खरे, पण दोष चित्राचा, टांकसाळीचा नव्हे. विकत घेण्याआधी भिंगातून दोन्ही बाजू पाहा, वजन करा (रुपया ११.६६ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा) आणि नाणे घासून चकचकीत मात्र करू नका.