जुन्या यंत्रावर नवी खतावणी : आपली ऊस नोंद मोबाइलवर येताना



गेल्या वार्षिक सभेत एका सभासदांनी उभं राहून विचारलं होतं, "साहेब, बँकेतली शिल्लक मोबाइलवर दिसते, मग माझी ऊस नोंद का दिसत नाही?" मी 'काम चालू आहे' एवढंच म्हणून खाली बसलो. ते उत्तर अपुरं होतं हे मलाही ठाऊक होतं. म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

आपल्या हिशेब विभागातला संगणक एएस/४०० च्या घराण्यातला आहे. आयबीएम कंपनीने हे यंत्र अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, रॉचेस्टर गावी तयार केलं आणि जून १९८८ मध्ये जाहीर केलं. पुढे त्याची नावं बदलत गेली. आज त्याच्या कार्यप्रणालीला 'आयबीएम आय' म्हणतात. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं दिसतात म्हणून पुष्कळांना ते भंगारात काढण्याजोगं वाटतं. माझं मत तसं नाही. आपलं बिल, कपाती, ठेवी, तोडणी-वाहतुकीचा हिशेब इतकी वर्षं त्यावरच निघतो आहे. चालता वजनकाटा केवळ जुना झाला म्हणून कोणी उखडत नाही.

या यंत्राच्या पोटातच डीबी२ नावाचं स्वतःचं दप्तर आहे. मग दुसरं कशाला? कारण संकेतस्थळ चालवणारे तयार प्रोग्राम बहुतेक करून मायएसक्यूएल नावाच्या दप्तरासाठी लिहिलेले असतात. हे दप्तर १९९५ साली स्वीडनमध्ये सुरू झालं. ते मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याची मूळ लिखावट कोणालाही पाहता येते आणि ते फुकट वापरता येतं. २००८ मध्ये ते सन कंपनीकडे गेलं आणि २०१० मध्ये सन ओरॅकलने घेतली. मूळ कर्त्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी २००९ पासून त्याच लिखावटीतून मारियाडीबी ही वेगळी शाखा वाढवली. 'माय' आणि 'मारिया' ही दोन्ही त्यांच्या मुलींची नावं. आपण लावली ती मारिया.

आता ती जुन्या यंत्रात बसते कशी? या यंत्रात 'पेस' म्हणून एक वेगळं दालन आहे. तिथे आयबीएमच्याच एआयएक्स या दुसऱ्या प्रणालीच्या पद्धतीचे प्रोग्राम चालतात. त्या दालनात मुक्त प्रोग्राम आणून बसवणाऱ्या हत्याराचं नाव 'यम' आहे. नाव ऐकून आमचे ऑपरेटर दचकले होते, पण काम त्याने चोख केलं! एक आज्ञा दिली की मारियाडीबी आणि तिला लागणारं बाकीचं सामान उतरतं. मग रिकामं दप्तर तयार करणे, मुख्य पासवर्ड घालणे, नमुन्याची खाती पुसणे ही कामं. एका दुपारचा मामला.

खरी मशागत पुढे आहे. जुनं यंत्र अक्षरं वेगळ्या लिपीसंकेतात ठेवतं, त्याला ईबीसीडिक म्हणतात. त्यात इंग्रजी 'ए' चा क्रमांक १९३. इतर बहुतेक संगणकांत तोच ६५. मध्ये भाषांतर न करता माहिती नेली तर नावांचा नुसता चिखल होतो. नव्या दप्तरात आपण यूटीएफ-८ हा संकेत ठेवला आहे. त्यात मराठी अक्षरं बसतात, म्हणून आता गावाचं आणि सभासदाचं नाव देवनागरीत दिसेल.

दुसरी गोष्ट वजनाची. संगणकाला अपूर्णांक दोन तऱ्हांनी ठेवता येतो. एका तऱ्हेत शून्य दशांश एक हा साधा आकडासुद्धा तंतोतंत बसत नाही, किंचित कमी-जास्त राहतो. एका खेपेला तो फरक दिसत नाही, पण हंगामभराच्या बेरजेत पैशाचा फरक निघू शकतो. जुनं यंत्र दशांश जसाच्या तसा धरतं. म्हणून नव्या दप्तरातही टनेजचा रकाना दशांश प्रकारचाच, तीन स्थळांचा ठेवायला मी आग्रहाने सांगितलं. काट्याच्या पावतीवर १२.३४५ तर मोबाइलवरही १२.३४५.

आणि तिसरी गोष्ट तारखेची. इथे आम्ही आपटलो, ते सांगितलंच पाहिजे.

जुन्या फाइलीत तारीख सात आकड्यांत असते. पहिला आकडा शतकाचा, मग वर्ष, महिना, दिवस. १५ जुलै २०२४ ची लागण तिथे १२४०७१५ अशी लिहिलेली असते. चाचणीच्या वेळी माहिती काढताना पहिला आकडा गळाला आणि राहिले २४०७१५. नव्या प्रोग्रामने ते आपल्या रीतीने, दिवस-महिना-वर्ष असे वाचले : २४ जुलै २०१५! नऊ वर्षं शेतात उभा राहिलेला आडसाली ऊस आम्ही पडद्यावर पाहिला. हसू आलं, पण पोटात गोळाही आला. कारण वर्षाची चूक कोणालाही दिसते, दिवसाची दिसत नाही. तुमचा तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेवर लागतो. नऊ दिवस मागे गेलात तर तुमच्या आधी किती फड लागतील याचा विचार करा. ही चूक पकडली ती चाचणीला बोलावलेल्या एका सभासदांनी, नोंदीची जुनी पावती खिशातून काढून. त्यानंतर प्रत्येक गटातल्या काही नोंदी हाताने पावतीशी ताडून पाहिल्या, आणि मगच पुढचं पाऊल टाकलं.

काही जाणकारांचा सल्ला होता की हे दप्तर वेगळ्या छोट्या संगणकावर ठेवावं. सुरक्षेच्या दृष्टीने तो सल्ला चांगलाच आहे. पण दुसरा संगणक म्हटला की त्याची बॅटरी, त्याची देखभाल आणि त्याच्यासाठी आणखी एक माणूस आला. सध्या एकाच यंत्रावर भागवू. बिलाच्या दिवशी ताण आला तर हलवू. मारिया उचलून दुसरीकडे नेता येते, हा तिचा गुणच आहे.

सुरक्षेची शंका बऱ्याच जणांनी विचारली. मारियाडीबीचं ३३०६ क्रमांकाचं दार बाहेरच्यांना बंद आहे. संकेतस्थळाला फक्त वाचण्याची परवानगी, लिहिण्याची नाही. माहिती जुन्या दप्तरातून नव्याकडे रोज रात्री जाते, उलट कधीच येत नाही. म्हणजे मोबाइलवर कोणी खोडसाळपणा केलाच तरी बिलाच्या हिशेबाला हात लागत नाही. एक मात्र ध्यानात ठेवावं लागलं : जुन्या फाइलींची प्रत काढण्याची आपली नेहमीची आज्ञा मारियाच्या फाइलींना शिवत नाही. तिची प्रत वेगळी काढावी लागते. हे आधी कळलं ते बरं झालं.

पडद्यावर काय दिसेल? गट नंबर, क्षेत्र, जात, लागण की खोडवा, तारीख, आणि हंगामात प्रत्येक खेपेचं वजन व गाळपाची तारीख. ही शेवटची तारीख महत्त्वाची. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. ते दिवस आता सभासदाला घरबसल्या मोजता येतील. आमची अडचण होईल हे खरं, पण हिशेब सभासदाचा आहे.

मोबाइलवरच का, असंही कोणी म्हणेल. आपल्याच भागात वारणानगरला १९९८ मध्ये गावोगाव संगणक केंद्रं उघडून हीच माहिती देण्याचा प्रयोग झाला होता, आणि पुढे तिथेच संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या संदेशांवर ती देऊन पाहिली गेली. गावात संगणक सांभाळण्यापेक्षा खिशातला फोन सोयीचा, हे तेव्हाच दिसलं होतं.

ज्यांच्याकडे तसा फोन नाही त्यांच्यासाठी गट ऑफिसात यादी पूर्वीप्रमाणेच लागेल. जुन्या फाइलीत नावं इंग्रजीत आणि तोडून लिहिलेली होती. देवनागरी करताना काही पाटलांचे पाटोळे झाले असण्याचा संभव आहे. तेव्हा आपली नोंद पावतीशी पडताळून पाहावी. फरक असेल तर पावतीची झेरॉक्स चिटबॉयकडे न देता गट ऑफिसातच द्यावी आणि पोच घ्यावी. बाजारच्या दिवशी दुपारपर्यंत मी स्वतः तिथे बसणार आहे.

— ऊस विकास अधिकारी