वाशांच्या मापाचं घर

रोहे तालुक्यात जुनं घर उतरवायला काढलं की नक्षीचे खांब, कोरीव चौकट आणि पितळी कड्यांचा दरवाजा आधी जातो. मुंबईत ओशिवऱ्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात त्याला गिऱ्हाईक आहे. मागे राहतात वासे, ते ज्यांवर टेकतात त्या भाली, माळ्याच्या फळ्या. त्यांना कुणी विचारत नाही, म्हणून त्या चुलीत नाहीतर वीटभट्टीत जातात. पन्नास-साठ वर्षं छपराखाली वाळलेला साग आणि ऐन विटा भाजायला वापरायचा आणि त्याच गावात घरकुल मंजूर झालेल्या माणसाने छपरासाठी लोखंडी पाइप उधारीवर आणायचे, हे मला बघवत नाही. छोट्या घराला जे लागतं ते नेमकं या उरलेल्या ढिगातच असतं. पेणच्या बाजूला दोन खणांचं असं एक घर उभं राहताना मी जवळून पाहिलं. लाकूड रोह्याकडचं होतं.

छपराचं लाकूड उक्तं घेतलं होतं, सगळं मिळून एका रकमेत. उतरवायचं काम दिवाळीनंतर सुरू होतं आणि शिमग्याच्या आत संपलेलं बरं, कारण मृगाच्या आधी नव्या घरावर कौलं चढायला हवीत. आधी कौलं, मग रिपा, वासे, आढं, भाली आणि शेवटी खांब असा क्रम. सांध्याशी आल्यावर एका पोराने पहार घातली, तसे काम बघणारे सुतारकाका वरूनच ओरडले, “ए बाळा, पहार नको लावूस, कुसू मोडेल. खालून मोगरी मार.” जुना सांधा खिळ्यावर नसतो. भोकात कुसू बसवून वरून लाकडी खुंटी ठोकलेली असते. खुंटी उलट बाजूने मारली की सांधा अख्खा सुटतो आणि दुसरीकडे पुन्हा तसाच बसतो. प्रत्येक जोडीवर काका गेरूने आकडा टाकत होते.

खरी परीक्षा जमिनीवर. वासा दोन ओंडक्यांवर ठेवून काका हातोडीने टोकापासून टोकापर्यंत ठोकत जातात. खणखणीत आवाज आला की पुढे. आवाज बसका झाला तिथे पेचकस टोचायचा. तो बोटभर आत गेला तर तेवढं कापायचं. वाशाचं पागोळीकडचं टोक पावसाने आणि आढ्याकडचं टोक कोन्यातल्या, म्हणजे आढ्यावरच्या कौलांतल्या, गळतीने खराब होतं. तुळईचं भिंतीत गाडलेलं टोक वाळवी आधी गाठते. मधलं लाकूड बहुतेक वेळा ठणठणीत असतं. सागाचा काळसर गाभा वाळवी सहसा खात नाही, कडेचा पांढरा भाग मात्र पोखरते. त्यामुळे वाकस घेऊन तो पांढरा भाग तासून काढतात. हल्ली वखारीत मिळणारा कोवळा साग घेतला तर त्यात पांढराच भाग जास्त. जुन्या लाकडाचा मोठेपणा यातच आहे. आणि ते आटायचं तेवढं आधीच आटलेलं असतं, नंतर वाकत नाही की फाटत नाही.

वाशात राहिलेले रिपांचे खिळे हा वेगळाच ताप. एक दडलेला खिळा राहिला तरी करवतीचे दात जातात, त्यामुळे गिरणीवाला जुनं लाकूड घ्यायला कुरकुरतो. काका बिघडलेल्या स्पीकरमधला लोहचुंबक प्रत्येक वाशावरून फिरवतात. तो ओढला गेला तिथे खडूची खूण, मग पटाशी आणि आंबूर. जुन्या ऐनात नवा खिळा सरळ जात नाही, वाकतो किंवा लाकूड चिरतं. आधी ड्रिलने भोक पाडावंच लागतं.

आता मुद्द्याचं. जुन्या लाकडाचं घर परवडतं की नाही, हे लाकडाच्या भावापेक्षा घराच्या मापावर ठरतं. कागदावर आधी नकाशा काढला आणि मग त्यासाठी लाकूड शोधत बसलं, तर कापाकापी, जोडाजोडी आणि मजुरी यांतच पैसे संपतात. इथे काकांनी आधी वासे मोजले. अकरा फुटांचे वासे दोन्ही टोकं कापून साडेआठ फुटांवर आले होते. मंगलोरी कौलाला फुटामागे सात इंच चढ धरला, म्हणजे साधारण ३० अंश. आढ्यापासून भालीपर्यंत आडवं अंतर सात फूट ठेवलं तर वासा आठ फुटांहून किंचित जास्त लागतो, वर टेकायला चार-पाच बोटं उरतात. म्हणून भालीपासून भालीपर्यंत रुंदी चौदा फूट. वीस फूट लांब आढं मिळालं नाही, दहा-दहा फुटांचे दोन चांगले तुकडे मिळाले. त्यांचा सांधा मधल्या खांबावर घेतला आणि त्याच रेषेत घराचे दोन खण पडले. चौदा गुणिले वीस, म्हणजे २८० चौरस फूट, २६ चौरस मीटर. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचं किमान माप २५ चौरस मीटर आहे. दीड-दीड फुटावर वासा धरला तर दोन्ही उतारांना मिळून ३० वासे. अडीच बाय तीन इंचांचा वासा धरा, सगळे मिळून १३ घनफूट लाकूड होतं. एवढं तर एका पडवीतूनही निघतं. कापून पडलेल्यांतले चांगले तुकडे पागोळी पुढे काढायला वाशाला जोडून लावले.

रिपा मात्र नव्या घ्याव्यात असं माझं मत आहे. जुन्या रिपा खिळे काढतानाच अर्ध्या मोडतात. रिपांचं अंतर साडेबारा इंचांच्या आसपास येतं, तरी काका आधी चार कौलं मांडून बघतात, कारण जुन्या कौलांची मापं कारखान्यागणिक बदलतात.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रोहे, मुरूड, श्रीवर्धनकडे कौलं उडाली, पत्रेही उडाले. जुनं लाकूड वजनदार असतं, पण नुसत्या वजनावर विसंबू नये. या घरात जोत्यापासून वर आलेली लोखंडी पट्टी भालीवरून वळवून बोल्टने आवळली आहे आणि प्रत्येक तिसरा वासा भालीला पट्टीने बांधला आहे. खांब दगडी उथळ्यांवर उभे आहेत. उथळा जोत्याच्या वर उघडा ठेवला की वाळवीची मातीची नळी लगेच दिसते. आत राहणाऱ्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडचं गरम पाणी दोनदा पाजलं. पावसात भिजणाऱ्या टोकांवर ते टिकत नाही, धुऊन जातं. तिथे तेलच द्यावं लागतं.

जुन्या घरांच्या लाकडाशिवाय न्हावाशेवा बंदरातून आणि कारखान्यांतून निघणारी पॅलेटची फळीही पेणमध्ये स्वस्तात मिळते. पाइनची ती फळी आमच्या पावसात छपराला वापरू नये, कपाट-फळ्यांना चालेल. तिच्यावर ‘एचटी’ शिक्का असेल तर ती उष्णतेने प्रक्रिया केलेली, ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेली. दुसरी घरात आणूच नये.

आवास योजनेचे पैसे सपाट भागात १ लाख २० हजार, कातकऱ्यांसाठी पीएम-जनमन योजनेत २ लाख. एवढ्यात स्लॅब ओतायला गेलं की भिंतींना गिलावा राहतो आणि मे महिन्यात दुपारी आत बसवत नाही. स्थानिक साहित्याच्या घरांचे नमुने केंद्राच्या ग्रामविकास खात्याने ‘पहल’ या संग्रहात छापले आहेत. ते पंचायत समितीच्या टेबलावर उघडे दिसायला हवेत. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने घर पाडायच्या दाखल्याबरोबर एवढंच विचारावं, लाकूड कुणाला देताय? त्याच गावातल्या घरकुलाच्या यादीवर नाव असलेल्याला त्याचा पहिला हक्क मिळावा.

या घराचं लाकूड भिसे खिंडीतून नागोठणे, वडखळमार्गे पेणला आणलं. सागाची वाहतूक असेल तर निघण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात परवान्याचं विचारून घ्यावं आणि घर उतरवल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला गाडीत ठेवावा. आणि राहायला गेल्यावर दर वर्षी शाकारणीच्या वेळी कोन्याजवळची चार कौलं उचलून आढ्यावर पेचकस टोचून बघावा. लाकूड मऊ लागलं तर ते एकच टोक बदलायचं असतं, अख्खं छप्पर नव्हे.