अंगणातल्या द्राक्षवेलीचा मांडव आणि छाटणी

बारामती-इंदापूर भागात द्राक्षबागा नव्या नाहीत. कन्हेरीसारख्या गावात परसात एखादा वेलही चांगला फळतो. त्याला भक्कम आधार आणि वेळेवर छाटणी मात्र हवी.

आधार लागवडीबरोबरच उभारावा. रोपाशेजारी बांबू रोवून एकच जोमदार फूट सुतळीने सैल बांधत सरळ वर न्यावी. साधारण पाच फुटांवर तिचा शेंडा खुडला की बाजूच्या फुटी निघतात. त्यांतल्या दोन फुटी तारेवर विरुद्ध दिशांना वळवून ओलांडे तयार करावेत. भर आल्यावर घडांचे वजन वाढते, म्हणून खांब पक्के आणि तारा ताणलेल्या असाव्यात.

आपल्या उष्ण हवेत वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमधील खरड छाटणीत ओलांड्यावरच्या जुन्या काड्या एक-दोन डोळे राखून कापतात. मग येणाऱ्या नव्या काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड घडतात. त्यासाठी डोळ्यांवर ऊन पडायला हवे. म्हणूनच दाट फुटींची विरळणी टाळू नये.

ऑक्टोबरमधील फळछाटणीत पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, पक्व तपकिरी काड्या ठेवाव्यात. थॉमसन सीडलेसमध्ये बुडाजवळचे डोळे सहसा वांझ निघतात, म्हणून काडीवर सहा ते आठ डोळे राखतात. कात्री धारदार आणि स्वच्छ असावी. मोठ्या जखमांना बोर्डो पेस्ट लावावी.

काडी कापताना हात आखडू नये. गर्दी कमी झाली, की प्रत्येक घडाला पुरेसे अन्न, ऊन आणि वारा मिळतो.