देवगडचा वारा, साताऱ्याचा घसारा

आमच्या जामसंड्याला लागूनच देवगडचा कातळसडा. 1986 साली देशातले पहिले पवनऊर्जा प्रकल्प उभे राहिले, त्यांत ओखा, तुतिकोरीनबरोबर देवगडही होते! यंत्रे छोटी, 55 किलोवॉटची.

पुढे 1998च्या सुमारास राज्याने विक्रीकरात सवलत दिली. केंद्राचा पहिल्याच वर्षीचा शंभर टक्के घसारा होताच. गुंतवणूकदार धावले ते साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर. वारा फुकट, पण करसवलत त्याहून गोड! यंत्र उभारले की फायदा पदरात. मग ते किती फिरते याची फिकीर कोणाला? प्रत्यक्ष निर्माण झालेल्या युनिटमागे 50 पैसे देण्याचे शहाणपण केंद्राला सुचले 2009 साली.

देवगडच्या पवनचक्की उद्यानात आज पर्यटक सूर्यास्त पाहायला येतात. वाऱ्याने त्यांच्या टोप्या उडतात.